सातव्या महिन्यातलं पाणी

"तोंड मागनं बघू, आदी लंगोट दाव."

बाळंतिणीच्या घरात शिरल्यावर मावशींचं पहिलं वाक्य हेच. बाकीचे लोक बाळाचं नाक कुणाच्या वळणावर गेलंय यावर तासभर वाद घालतात. मावशींना नाकाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या लंगोट दाराच्या उजेडात धरायच्या, मान तिरकी करून बघायच्या आणि "ब्येस हाय" म्हणायच्या. कधी नुसतंच "हं" म्हणायच्या. "हं" म्हटलं की घरातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागायच्या.

मावशी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. तिथल्या बाईंकडे टेबल होतं, मोबाइल होता, माहिती भरायचं काम होतं. मावशींकडे खिचडीचं पातेलं होतं आणि पायात चपला होत्या. आमच्या गल्लीत निम्मी घरं यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, तेलुगू बोलणारी. कोपऱ्यावर दोन घरं अक्कलकोटकडची, कन्नड बोलणारी. मावशी कुठे 'नीळ्ळु' म्हणायच्या, कुठे 'नीरु', आमच्याकडे 'पाणी'. त्यांचं व्याकरण सगळ्या भाषांत सारखंच चुकायचं आणि सगळ्यांना सगळं कळायचं. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील, नीट आठवून बघा.

मी शाळेत क्लार्क आहे. परिपत्रक आलं की पाळायचं, शंका काढायची नाही, हा माझा स्वभाव. माझा मुलगा झाला तेव्हा मावशींनी माझ्यासाठी एकच परिपत्रक काढलं.

"सा म्हयनं निस्तं अंगावरचं दूध. पाण्याचा थेंब न्हाय. घुटी न्हाय, मध न्हाय."

एप्रिलमध्ये सोलापूर कसं तापतं ते सोलापूरकरालाच विचारा. सासूबाई वाटी-चमचा घेऊन रोज माझ्याभोवती फिरायच्या. लेकराचा घसा सुकला असेल, चमचाभर पाण्याने काय होतंय. शेवटी मावशी उंबऱ्यात ठाण मांडून बसल्या. "आक्का, दुधात पाणीच आसतंय की. तुमी सुनंला पाजा, ती पोराला पाजंल." सासूबाईंनी वाटी उचलून ठेवली, पण मावशींना त्या दिवशी चहा अर्धा कपच मिळाला.

एकदा पोराने पाच दिवस शी केली नाही. मी रडकुंडीला आले. मावशींनी पोट चाचपलं, पोरगं खुदकन हसलं. "दूध पितंय, हासतंय, झाली तवा मऊ हुती. दुधावरच्या पोराचं आसं आसतंय. ऱ्हाऊ दे की." आमचे हे म्हणाले, "नळाला पाणी पाचव्या दिवशी, पोराची शी पाचव्या दिवशी. पक्का सोलापूरकर आहे." मला तेव्हा हसू आलं नाही. आता येतं.

सहा महिने सरले. माढ्याहून माझा भाऊ चांदीची वाटी घेऊन आला आणि मामाच्या हातून खीर चाटवून उष्टावण झालं. मी लगेच तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. सकाळी मऊभात, घट्ट. दुपारी केळं. संध्याकाळी उकडलेला बटाटा. भात चमच्यावरून पडता कामा नये इतका घट्ट, म्हणजे अंगी लागेल, असा माझा हिशेब.

पंधरा दिवसांत पोराची तऱ्हाच बदलली. तोंड लालबुंद करून कुंथायचं, पाय पोटाशी घ्यायचं, किंचाळायचं. चार दिवसांनी शी झाली ती शेळीच्या लेंडीसारखी, कडक. नंतर पुन्हा तीन दिवस काही नाही. सोमवारी मला शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि हे असं रडणारं पोर घरी ठेवून जायचं मला जमणार नव्हतं. भरवणंच बंद करावं का, नोकरी सोडावी का, इथपर्यंत माझी मजल गेली. सासूबाईंनी एरंडेलाची बाटली काढली होती. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी लावायचा, आमच्याकडे असंच करतात, असं त्या म्हणत होत्या. मला भीती वाटली आणि मी मावशींना बोलावणं पाठवलं.

मावशींनी बाटली आधी स्वतःच्या पदराखाली घेतली. मग लंगोट बघितला.

"रगत?"

"नाही."

"उलटी? ताप? दूध पितंय न्हवं?"

"उलटी नाही, ताप नाही. पितोय."

त्यांनी पोटावर हात ठेवला. "पोटबी फुगल्यालं न्हाय. यातलं एक जरी आसतं, तर मी हितं बसलेच नस्ते. रिक्षात घालून डाक्टरकडं न्हेलं आस्तं." मग फ्रिजवरचा तक्ता माझ्याकडून वाचून घेतला. "भात, केळं, बटाटा. सगळं गच्च बसणारं. आन् पाणी?"

मी अभिमानाने म्हणाले, "थेंबसुद्धा नाही. तुम्हीच सांगितलंत."

मावशी पोराच्या तळपायावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"सुटलं की माझ्या हातनं," त्या म्हणाल्या. "बंद कर म्हणलं, चालू कवा करायचं ते सांगितलंच न्हाय. खायला लागलं की पाणी लागतंय, पोरी. तुजी चूक न्हाय, माजी हाय."

वीस-बावीस वर्षं लोकांना सांगत आलेल्या बाईने सासूबाईंच्या देखत हे कबूल केलं. अशा वेळी सासूबाई सोडत नसत, पण त्या दिवशी त्यांनी उठून चहा टाकला.

पाणी उकळून गार केलं. खाणं झाल्यावर फुलपात्राने दोन-तीन घोट, जास्त नाही. केळं आणि बटाटा चार दिवस बंद. पपई कुस्करून, मनुका भिजवून चोळून गाळलेला गर, वरण पातळ. "अंगावरचं दूध कमी करू नगंस, ते पयलं." पोराला उताणं निजवून त्याचे पाय सायकल चालवल्यासारखे फिरवायला शिकवलं, बेंबीभोवती कोमट हाताने हलकेच चोळायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ओसरीतून "झाली गं, मऊ झाली!" अशी आरोळी ठोकली की शेजारचा माग थांबला. सोमवारी मी वेळेवर शाळेत गेले.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं. चहा पिऊन मावशी टळटळीत दुपारी निघाल्या. गल्लीत सातव्या महिन्यातली आणखी तीन पोरं होती. त्या तिन्ही घरी गेल्या. "माझं अर्धं सांगायचं ऱ्हायलं हुतं," असं प्रत्येक दारात म्हणाल्या. एका घरी सासू फटकन बोललीही, तुम्हालाच माहीत नाही तर लोकांना कशाला शिकवता. मावशी म्हणाल्या, "व्हय, चुकलंच," आणि पाण्याचं सांगूनच उठल्या. मला त्यांचा तेव्हा जेवढा आदर वाटला तेवढा कुणा साहेबाचाही कधी वाटलेला नाही.

पुढे त्या निवृत्त झाल्या आणि केम गावी लेकीकडे राहायला गेल्या. पण गल्लीत कोण कधी बाळंत झाली ते फोन करून विचारून घ्यायच्या आणि महिने मनात मोजायच्या. मग एका सकाळी फोन यायचा. "कोपऱ्यावरच्या सुनंचं पोरगं आज सातव्यात लागलं. जा, पाणी सांगून ये." मी जायचे. सहा-सात वर्षं हे चाललं. माझा मुलगा आता दुसरीत आहे.

गेल्या महिन्यात समोरच्या घरातली मुलगी सहा महिन्यांची झाली. मी सकाळपासून फोन जवळ ठेवला होता. दुपारी शाळेतून आल्यावर पुन्हा बघितला. शेवटी मीच लावला. लेकीने उचलला. मावशी गेल्या त्याला नऊ दिवस झाले होते. झोपेतच गेल्या. तुमचा नंबर कुठे लिहिलेला नव्हता, त्यांना तो पाठच होता, म्हणून कळवता आलं नाही, असं ती म्हणाली.

मी खूप रडले. मग तोंड धुऊन, चपला घालून समोरच्या घरी गेले. पोरीची आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. मी पाण्याचं सांगितलं.

"मावशींचा फोन आला होता ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. तिने गार केलेलं पाणी आणलं. पोरीने पहिला घोट घेतला, निम्मा गळ्यावर सांडला. तो पुसून झाल्यावर मग मी तिला खरं काय ते सांगितलं.