चाकाला पाटी

किस्से कुनी मुद्दाम गोळा करत न्हाई. दारापुढं खड्डा असला की पानी आपसूक साचतं, तसे त्ये साचत्यात. माझ्या दारापुढं तर अख्खा रस्ताच खड्ड्यात व्हता, मंग मला काय तोटा! चौथीत मी शाळा सोडली, म्हंजी शाळेनंच मला सोडलं. पर तोंड काय तिला बंद करता आलं न्हाई. बसा, सांगते.

आमची वाडी रिह्याच्या खोऱ्यात. पौडाकडं जायाला येकच कच्चा रस्ता, त्यो माझ्या गोठ्याला घासून जायाचा. आनीबानी उठली, त्या सुमाराची गोष्ट. धोंडूनाना म्हंजी गावकीच्या नात्यानं माझा दीर. त्याची बायको पारू, माझी जोडीदारीण, भर पावसात आजारी पडली. बैलगाडीत घालून पौडाच्या दवाखान्यात न्ह्यायला निघाला. ओढ्यापाशी चाक रुतलं त्ये रुतलंच. बैलांनी बसकण मारली. चाक मागनं निघालं. पारू तवर गेली व्हती.

नाना पुढं कुनाशी बोलंना. संक्रांतीला त्याच्या लेकीचा, सुमीचा सांगावा आला, दिवस गेलेत म्हनून. पयलं बाळंतपण म्हायेरीच. दिवस भरणार श्रावणात, म्हंजी तोच पावसाळा आन तोच ओढा! दुसऱ्या दिशी नानानं लांब बांबू आनला, बुडाला धोंडा बांधला आन शेंड्याची दोरी माझ्या गोठ्याच्या मेढीला अडकवली. दोरी सोडली की बांबू वर.

"वैनी," म्हनला, "आता हितनं फुकट कुनी जायाचं न्हाई. श्रावणाच्या आत रस्ता टनक झाला पायजे."

*

आता घ्यायचं काय आन कुनाकडनं, ह्याच्यावर देवळात बैठक बसली. जीपवाला बबन म्हनला, "मानशी घ्या." तर मानसं म्हनली, "आमी काय रस्ता खातो व्हय?" येक म्हनला, "वजनावर घ्या." मी मागनं वरडले, "मंग बबनच्या पोटावरच घ्या, येका फेरीत रस्ता व्हतुया!" समदे हसले. नाना हसला न्हाई.

"रस्ता चाक खातं," त्यो म्हनला. "पैसा नगं. जेवढी चाकं तेवढ्या पाट्या मुरूम. बांबूपाशी ढीग घालतो, तितनं भरायचा, म्होरं खड्डा दिसंल तितं टाकायचा. भरल्या ट्रकाला दुप्पट."

झालं! चाकाला पाटी. सरकारला सुचलं न्हाई त्ये माझ्या गोठ्यापाशी सुरू झालं.

*

पयलं भांडान बैलगाडीचं. गेनू गाडीवान म्हनला, "माझी दोनच चाकं, आन बैल बी घरचं. मला गरिबाला सोडा."

जीपवाला बबन मागं ताटकळत व्हता. "आरं, तुझ्या चाकाला लोखंडी धाव हाय! माझा टायर रस्ता चोपतो, तुझी धाव चिरती. तुझ्याच चार घ्याया पायजेत!"

खरं दोघांचंबी व्हतं. नाना लई येळ त्या धावंकडं बघत बसला. पारूची गाडी बी तसल्याच धावंची. मंग म्हनला, "गेनू, दोनच टाक. पर ओढ्यापाशी न्हेऊन टाक."

गेनूनं पाट्या गाडीत भरल्या आन गेला.

*

कासार आंबोलीला बंगला बांधलेले येक सायेब अँबॅसिडरमधी आले. काच खाली करून म्हनले, "मी रोड टॅक्स भरतो!"

"भरा की," मी म्हनलं. "टॅक्स खड्ड्यात बसत आसंल तर हितंच भरा!"

सायेब भला मानूस. हसला आन ड्रायव्हरला म्हनला, "टाक रे चार." ड्रायव्हर उतरला. मी त्याला म्हनलं, "काय रं, चाकं सायबाची आन घाम तुजा व्हय?"

त्यो हळूच म्हनला, "मावशे, गप ऱ्हा. सायेब टाकाया लागला तर पाठ त्याची धरंल, आन शेकायला रातभर मलाच बसवंल!"

*

ट्रकवाल्यांचं तर इचारू नगा. परमुलखातला येक ड्रायव्हर, मागं ताडपत्री गच्च बांधलेली. नाना म्हनला, "भरल्याला बारा पाट्या."

"खाली है! खाली!"

नाना साधा, त्यो सहा म्हनाया लागला. मी उठले आन माझ्या बोकडाचा कान पिळला. बोकूड वरडला. त्याबरुबर ताडपत्रीखालनं धा-बारा जनांनी जाब दिला, "बेंऽ बेंऽ!"

"का रं बाबा, खाली हाय न्हवं?"

ड्रायव्हर तसूभर हलला न्हाई. "वो हॉर्न है, मौसी!"

बारा टाकल्या त्यानं. वर माझ्याकडनं च्या बी पिऊन गेला.

*

पोस्टमन सायकलवर यायाचा. कुनाच्या दारात उभा ऱ्हायला की मानूस आधी त्याचं तोंड बघायचं, बातमी बरी का वाईट म्हनून. त्याला म्या आडवलं. "दोन चाकं, दोन पाट्या!"

त्यो उतरला. सायकल खांद्यावर घेतली, बांबूखालनं वाकून पल्याड गेला आन म्हनला, "आता बघा, चाक रस्त्याला लागतंय का?"

नाना हसला! पारू गेल्यापास्नं पयल्यांदा. आन हसला त्यो हसला, लगीच धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, चोरून खाल्ल्यावानी. ढिगावर जाऊन उगाच मुरूम वर-खाली कराया लागला. मी आपली म्हशीला शिव्या देत बसले.

*

उन्हाळ्यात डोंगरावरच्या वस्तीतली चौघं झोळी घेऊन आली. बांबूला झोळी, आन आत येक म्हातारा कण्हतोय. मला मेलीला जिभंला हाड न्हाई. मी म्हनलं, "खांदं चार हायती, पाट्या..."

"वैनी!" नाना वरडला. असा कवा वरडला न्हवता. सोता पळत येऊन दोरी सोडली. झोळी पार वळनाआड जाईस्तवर बांबू वर धरून उभा ऱ्हायला.

मंग हळू म्हनला, "ज्याला चाकच मिळालं न्हाई, त्याच्याकडनं काय घ्यायाचं?"

*

आन आता त्यो किस्सा. येवढा सांगते आन उठते.

श्रावण लागला. पाऊस असा की समोरचा डोंगर दिसंना. सुमी म्हायेरी येऊन म्हयना झाला व्हता. नाना रोज पहाटं ओढ्यापत्तोर जाऊन रस्ता पायानं दाबून बघायचा. येके सकाळी सुमीच्या पोटात दुखाया लागलं. सुईण म्हनली, आडवं हाय, माझ्या हातचं न्हाई, पौडाला न्ह्या. बबननं जीप काढली.

नाना बांबूपाशी. जीप समोर आली, आत लेक कळा देतीया, आन ह्यो तोंडात मारल्यावानी हुबा. सवयीनं तोंडातनं निघालं, "चाकं किती?"

आतनं सुमी कळवळत वरडली, "चार हायती नाना! आन पाचवं पोटात!"

त्या टायमालाबी मला हसू फुटलं. बबन तर त्याच्याहून येडा. सवयीनं खाली उतरून पाटी भराया लागलेला!

"आरं मुडद्या, बस गाडीत!" नाना वरडला. "येताना टाक! पाच झाल्या, ध्येनात ठेव, पाच!"

"तुमी बी बसा की भावजी," मी म्हनलं.

त्यानं मान हालवली. "ओढ्याची ती जागा मला गाडीतनं वलांडवनार न्हाई, वैनी. तुमी बघा. मला सांगा."

सुईण संगं गेली. नानानं दोरी सोडली, रस्त्याकडं पाठ केली आन डोळं गच्च मिटलं. ओढा गोठ्यापास्नं हाकंवरच, पावसातबी दिसायचा; जीप तितं गेली. हळू झाली. चाक जरा दबलं... आन वर आलं. गेनूचा, बबनचा, त्या बोकडवाल्याचा, समद्यांचा मुरूम व्हता त्यो. त्यानं धरलं.

"गेली?" नानानं इचारलं.

"गेली म्हनू नगा," मी म्हनलं. "पोचली म्हना."

त्यो तितंच मुरमाच्या ढिगावर बसला आन लेकरावानी रडला.

दोन-तीन दिस पाऊस उघडला न्हाई. मंग येके दुपारी जीप आली. बबन वळनावरनंच हॉर्न वाजवत यायचा, गावाला म्हाईत व्हतं. त्या दिशी वाजवला न्हाई.

बांबू आडवाच व्हता. बबन खाली उतरला. माझ्याकडं बघितलं न्हाई, नानाकडं बघितलं न्हाई. पाटी घेतली. येक टाकली. दुसरी टाकली. तिसरी. नाना बांबूवर हात ठेवून नुसता पाटीकडं बघत व्हता. बबननं चौथी टाकली.

आन रिकामी पाटी ढिगावर पालथी घातली.

जीपचा मागचा पडदा हालला. सुईणीनं हात दिला आन सुमी खाली उतरली. कानाला फडकं बांधलेलं, चेहरा पांढराफटक. दोघींच्याबी हातात बाळ न्हवतं. म्या पुढं झाले तर म्हनली, "काकू, सरा."

पाटीला तिनं हात लावला न्हाई. ढिगाशी वाकली, ओंजळभर मुरूम घेतला, रस्त्यातल्या येका बारक्या खड्ड्यात हळूच सोडला. आन वरनं हातानं थोपटला. लई येळ थोपटत ऱ्हायली.

नानाचा हात बांबूवरनं निघंना. दोरी मीच सोडली.