नव्या ड्राइव्हचा पंचनामा

माझ्या मेहुण्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट मोजल्यावाचून खरी मानली नाही. जळगावात वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते, आणि ही नोकरी कचेरी सुटल्यावरही सुटत नसे. भाजीबाजारात भाऊजी शिरले की तराजूंची पारडी आपोआप सरळ होत. ताई 'जरा थांबा' म्हणाली, तर 'जरा म्हणजे किती?' असं ते खरोखर माहिती मिळावी म्हणून विचारत. भाची जन्मली तेव्हा पेढे आणण्याआधी ते स्वतःचा काटा घेऊन दवाखान्यात गेले, नर्सने सांगितलेल्या वजनातून चाळीस ग्रॅम कमी करून घेतले आणि मगच मुलीचं तोंड पाहिलं. हिवाळ्यात असोद्याच्या मळ्यात भरताची पार्टी असली की वांगी दोनदा तोलली जात, भाजण्याआधी एकदा आणि भाजून सोलल्यावर एकदा. घट किती आली हे वहीत लिहून होईपर्यंत पुरीला कुणी हात लावायचा नाही. भरीत गार व्हायचं, पण आकडा चोख असायचा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भाची शिकायला पुण्याला गेली आणि मी तिला जोडून दिलेला कॉम्प्युटर घरी रिकामा राहिला. मी तेव्हा एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत असे. त्याच सुमारास भाऊजींचे वडील, आबा, असोद्याच्या घराच्या ओट्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ते जळगावला लेकाकडे आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, की यांना रोज खुर्चीत बसवा, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील. पण आबा उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एका दुपारी मी सहज मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला. घरघर ऐकून आबांनी मान वळवली, आणि जन्मात बैलगाडीपलीकडे काही न हाकलेला तो माणूस अर्ध्या तासाने, आम्हा दोघांच्या आधाराने, खुर्चीत बसून मोटार हाकत होता. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच खुर्ची मागू लागले. वळण आलं की सगळ्या अंगानिशी वळत आणि पुढच्या गाडीला 'हो बाजूले!' म्हणून दरडावत. ताईने देवापुढे साखर ठेवली. भाऊजींनी आबा किती मिनिटं बसले याचा तक्ता भिंतीवर लावला.

अडचण एकच होती. आबा रोज शेवटचे येत. पंधराएक दिवस त्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि मग एका सकाळी खुर्ची नको म्हणाले.

"काहून, आबा?" भाऊजींनी विचारलं.

"बठ्ठ्याईच्या मांगं, शेवटी राह्यतो मी. गाडी चांगली हाये रे भाऊ, हाकनाऱ्याचे हात थकले. मले पडू दे."

"तुमचे हात ठणठणीत आहेत. दोष मशीनमध्ये आहे." भाऊजी मला बाहेर घेऊन आले. "सीडीचा ड्राइव्ह जुना आहे म्हणतोस ना? दुकानात चोवीसपट वेगाचा आलाय. तो बसवला की गाडी पळेल?"

मी समजावून सांगितलं, की ड्राइव्हचं काम गेम आत आणून देण्यापुरतं. तो मंद असला तर शर्यत सुरू व्हायला वेळ लागतो. पण एकदा सुरू झाली की गाडी किती पळणार हे प्रोसेसरवर आणि मेमरीवर. केळी बैलगाडीने आणा की ट्रकने, खाणारा आपल्याच वेगाने खाणार.

"मोजलंयस?"

"नाही."

"मग बोलू नकोस."

आबांचे हात कापतात हे मला दिसत होतं. भाऊजींनाही दिसत असणार; पण त्याचं माप त्यांनी अजून घेतलं नव्हतं.

रविवारी रीतसर चाचणी झाली. पंच दोन. एक मी आणि दुसरे शेजारचे घड्याळवाले चाचा, ज्यांचं स्टॉपवॉच भाऊजींनी आदल्या दिवशी रेडिओच्या वेळेशी ताडून घेतलं होतं. मे महिना होता, तरी व्होल्टेज खालीवर व्हायला नको म्हणून कूलर बंद. आबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर. गाडी मीच हाकली, एकाच रस्त्यावर, जुन्या ड्राइव्हवर पाच वेळा आणि नवा बसवून पाच वेळा. चाचा सेकंद सांगत होते, भाऊजी लिहीत होते आणि घाम वहीवर पडत होता. नव्या ड्राइव्हवर शर्यत चटकन सुरू होई, यात वाद नव्हता. सुरू झाल्यावर मात्र गाडी अगदी तेवढीच पळत होती, आणि दोन्ही ड्राइव्हवर मी पुढेच येत होतो. भाऊजींनी वहीतल्या दोन रांगांची सरासरी दोनदा काढली. दोष मशीनमध्ये नव्हता. मग तो कुणाच्या हातात होता, हे कळायला आणखी मोजमाप लागणार नव्हतं.

"काय निंघालं रे भाऊ?" आबांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

भाऊजी उठून उभे राहिले. चष्मा पुसला आणि कचेरीतल्या आवाजात पंचनामा वाचला: "जुना ड्राइव्ह गाडी मागे खेचत असल्याचे आढळून आले. नवा ड्राइव्ह बसविल्यानंतर गाडीचा वेग वाढल्याचे पंचांसमक्ष दिसून आले. चालकाच्या हातात कोणताही दोष आढळला नाही."

मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं, "साबने लिखा है तो बराबर है," म्हणाले आणि सही केली. मग भाऊजींनी पेन माझ्यापुढे धरलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं मी या माणसाच्या काट्यांना आणि वह्यांना हसत आलो होतो. त्या दुपारी मला त्यांच्याविषयी इतकी माया दाटून आली की सही कुठे करायची ते दिसेना. त्यांनीच बोटाने जागा दाखवली.

आबांनी खुर्ची मागितली. शर्यत लगेच सुरू झाली आणि आबा शेवटचे आले.

"पाह्यलं का, कशी पयते आता!" ते म्हणाले.

"पाहिलं, आबा."

आबा पुढे दोन वर्षं त्या खुर्चीत बसून शर्यती लावत राहिले. एकदाही जिंकले नाहीत, आणि आपले हात थकले असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत.