आत माणूस असताना घर मोडणारा ड्रायव्हर

"ती बाई वायर ओढते म्हणून मशीन बंद पडतं. रिपोर्टमध्ये यूजर एरर लिही आणि संध्याकाळच्या एसटीनं निघ," मॅनेजर फोनवर सांगत होते. मी मोखाड्याच्या एका नोंदणी केंद्रात उभा होतो आणि 'ती बाई' समोरच बसली होती.

सुनंदाताई भोये, कंत्राटी ऑपरेटर. तो रिपोर्ट गेला असता तर त्यांची नोकरी गेली असती.

माणसानं काचेवर बोट ठेवायचं, यूएसबीचं यंत्र ठसा घेणार, एवढंच काम. यंत्र आणि कॉम्प्युटर यांची बोलणी करून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो माझा होता आणि मला त्याची भारी मिजास होती. चालू मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, यंत्राची वायर लावा, काढा, काही होत नाही, असं मी पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवलं होतं. इथं मात्र दिवसातून चार-चारदा मशीन गोठत होतं. खोडाळ्याकडून आलेली माणसं दिवसाची मजुरी बुडवून बाहेर ताटकळत होती.

ताईंना म्हटलं, नेहमीसारखं काम करा, मी बघतो. शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस. पुढच्या माणसाची बोटं राखेनं काळी. स्क्रीनवर 'बोट ठेवा' आलं होतं. ताईंनी वायर उपसली, ओल्या फडक्यानं काच पुसली, वायर परत लावली. मशीन गोठलं.

"मधेच का काढता?"

"ओलं फडकं हाय ना सर, करंट बसंल. तुमच्याच पुस्तकात लिवलंय, काच साफ ठेवा."

यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलं होतं खरं, आणि तेही मीच.

पुण्यात मी आधी प्रोग्राम बंद करायचो, मग वायर काढायचो. इथं प्रोग्राम बोटाची वाट बघत असतानाच वायर निघत होती. ती निघाली की माझा ड्रायव्हर यंत्रासाठी घेतलेली मेमरी तत्काळ सोडून द्यायचा. वाट बघणारा प्रोग्राम मग त्याच मेमरीच्या मोडलेल्या पत्त्यावर जायचा. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चालतो, त्यामुळे सगळंच कोसळायचं.

हे मी ताईंना समजावलं. खरं तर स्वतःलाच.

त्या म्हणाल्या, "आमची माणसं घर मोडून वीटभट्टीवर जातात सर. पण आत म्हातारी हाय तवर घर मोडीत नाय कोणी."

मी तिथंच लॅपटॉप उघडला. मेमरी किती प्रोग्राम वापरताहेत ते मोजायचं, यंत्र गेल्याचं त्यांना कळवायचं, आणि शेवटचा बाहेर पडला की मगच ती सोडायची. एवढीच दुरुस्ती. दुपारभर ताईंनी मनसोक्त वायर उपसली. मशीननं हूं की चूं केलं नाही.

रिपोर्टमध्ये मी 'चूक ड्रायव्हरची' असं लिहिलं. मॅनेजर चिडले, पण सही केली. ऑफिसात सगळे म्हणायचे, मी त्या बाईंची नोकरी वाचवली. मला विचाराल तर त्यांनी माझी अब्रू वाचवली, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

पुस्तिकेतही मी एका वाक्याची भर घातली: 'काच स्वच्छ ठेवा. वायर केव्हाही काढली तरी चालेल.'