कुंकवाचा तिसरा ठिपका

काय झालं ते सांगतो, पण मधे हसायचं नाही. मला अजून राग आहे. माझा राग सहसा आतच बसून असतो, तोंडापर्यंत येतच नाही. त्या दिवशी आला, आणि यायला त्याने नेमका तोच दिवस निवडला.

कुंभकोणमला माझ्या आत्याच्या डिग्री कॉफीच्या, म्हणजे तिकडच्या दाट दुधाच्या फिल्टर कॉफीच्या, दुकानाचं उद्घाटन होतं. विजेवर तापणाऱ्या दोन टाक्या, एक डिकॉक्शनच्या, म्हणजे कॉफीच्या अर्काच्या, पाण्याची, एक दुधाची. त्यांचं कंट्रोल पॅनल मी एकट्याने वायर केलेलं, आयुष्यात पहिल्यांदा. आठवीत शाळा सोडून ज्या मेस्त्रींच्या हाताखाली लागलो, ते मला अजून 'आठवी' म्हणूनच हाक मारतात. पहिली कॉफी प्यायला लग्नाच्या जेवणांचा एक कॉन्ट्रॅक्टर येणार होता. काम पसंत पडलं तर त्याच्या स्वयंपाकघराची पॅनल्स माझी आणि मेस्त्रींना नमस्कार.

प्रत्येक टाकीत तापमान मोजणारा सेन्सर असतो. दूध पुरेसं तापलं की दुधाचा सेन्सर पॅनलला कळवतो आणि हीटर बंद होतो. दोन्ही सेन्सर दिसायला जुळे. आदल्या दिवशी टाक्या धुवायला ते पॅनलच्या वायरी न सोडवता बाहेर काढले, तेव्हा खुणेसाठी आत्याच्या देवघरातलं कुंकू घेतलं. पाण्याच्या सेन्सरच्या टोपीवर एक ठिपका, दुधाच्या टोपीवर दोन. हुशारी बघा.

सकाळी यंत्राची पूजा झाली. हळद, कुंकू, हार, कापूर, सगळं. मग मी दोन ठिपक्यांचा सेन्सर दुधात सोडला, उरलेला पाण्यात, आणि बटण दाबलं.

थोड्या वेळाने दूध उतू गेलं. लोकांनी हात जोडले.

"पूर्वेला गेलं रे," आत्या म्हणाली. "भरभराट होणार."

"आत्या, हे बिघडलंय."

"आजच्या दिवशी शुभ बोल."

भरभराट थांबेना. ओट्यावरून जमिनीवर आली, जमिनीवरून कॉन्ट्रॅक्टरने लुंगीसारख्या नेसलेल्या कोऱ्या वेष्टीपर्यंत पोचली. त्याने पाय उचलून विचारलं, "काय रे तंबी, शकुन किती लिटरचा असतो?"

"आठवी," मागून मेस्त्री म्हणाले, "मेन स्विच भिंतीवर आहे."

मी मेन बंद केला. सेन्सर ओढून काढले. दुधातल्या टोपीवर दोन ठिपके, बरोबर. पाण्यातल्या टोपीवर तीन.

तीन कुठून आले? प्रत्येक टोपीवर कुणीतरी एकेक ठिपका वाढवला होता! म्हणजे दुधात पाण्याचा सेन्सर गेला, पाण्यात दुधाचा. पाणी थंड म्हणून दुधाचा हीटर चालूच, दूध गरम म्हणून पाण्याचा बंद.

आणि मग मी ओरडलो. ज्या बाईने कुणी विचारत नसताना मला काम दिलं, तिच्यावर, सगळ्यांसमोर. "माझ्या वायरींना हात कुणी लावला? दिसेल त्याला कुंकू फासायचं? हे पॅनल आहे, देव नाही!"

आत्या फडक्याने दूध पुसत होती. पुसणं न थांबवता म्हणाली, "पूजेचं ताट आधी मीच घेतलं होतं. पण तू म्हणालास, यंत्र माझं, पूजा मीच करणार. एक वायर सोडली नाहीस. हात बघ."

तिच्यासमोर नाचवत असलेला हात मी उलटा केला. अनामिका पेरापर्यंत लाल.

कॉन्ट्रॅक्टरने पॅनल्सचं काम मेस्त्रींना दिलं. मेस्त्रींनी ते मलाच करायला सांगितलं.

"आठवी," ते म्हणाले, "येताना मार्कर आण. पूजा मी करीन."