चाळीस मिनिटं आधी आलेली पॅसेंजर

आगगाडी कोणाच्या बापाची नसते, असं लोक म्हणतात. आमच्या स्टेशनात ती माझ्या बापाची होती. तो पॉइंट्समन. घंटा तो द्यायचा, सिग्नल तो पाडायचा, कंदिलात तेल तोच भरायचा. स्टेशन मलकापूर आणि शेगावच्या मधलं, लहानसं. नाव सांगत नाही. एक्स्प्रेसने जाणाऱ्यांना ते कधी वाचताच आलं नाही, तेव्हा सांगूनही उपयोग नाही.

आता तिथे सिग्नलला माणूस लागत नाही. प्लॅटफॉर्म लांब झाला, डोक्यावर विजेच्या तारा आल्या, गाड्यांची खबर भोंग्यातून तीन भाषांत मिळते. थांबणाऱ्या गाड्या मात्र बोटावर मोजण्याइतक्या. आमचं क्वार्टर पाडलं, त्याचं मला काडीचं दुःख झालं नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आई वारलेली, मी सोळाची, माझ्या पाठचे दोन भाऊ. चूल, पाणी, बापाचा डबा, सगळं माझ्या अंगावर. त्यातूनच रखडत सातवीची फायनल पास झाले आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी खामगावहून मुलाखतीचं पत्र आलं. एकच दिवस, सकाळी अकरा. आठची पॅसेंजर धरायची, जलंबला गाडी बदलायची, की खामगाव. ती हुकली तर पुढची दुपारी. मी पत्र बापाला वाचून दाखवलं. तो "बरं" म्हणाला आणि विडी ओढायला बाहेर गेला.

आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "बा, सकायची पॅसिंजर आठलेच येते ना?"

"आठलेच येते. रोज येते तशी."

पहाटे उठून दिवसभराच्या भाकरी थापल्या, भावांना आंघोळ घातली. सातनंतर घंटा झाली. त्या वेळेला रोज मालगाडी जायची, म्हणून मी निवांत वेणी घालत बसले. मग गाडी थांबल्याचा आवाज आला. मालगाडी आमच्याकडे कशाला थांबते? दारातून पाहिलं तर खिडक्या आणि खिडक्यांत माणसं.

अर्धी वेणी तशीच टाकून, पत्र मुठीत धरून मी धावले. लहान स्टेशनांची एक रीत असते. ओळखीचं कोणी धावत येताना दिसलं की पॉइंट्समनने नुसता हात वर करायचा, गार्ड थांबतो. पाटलाचा विसरलेला पानाचा डबा घरून येईपर्यंत बापाने गाडी थोपवून धरलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. त्या दिवशी तो प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा होता. मी ओरडले, "बा, थांबव!" त्याने माझ्याकडे पाहिलं. हात काही वर झाला नाही. गाडी गेली.

स्टेशनमास्तर भला माणूस. कळवळून म्हणाले, "अगं, आजपासून टाइमटेबल बदललं. पॅसेंजर चाळीस मिनिटं आधी झाली. तुझ्या वडलांना माहीत होतं की!"

माझा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी हुकमाचं पुस्तक पुढे ठेवलं. आलेला हुकूम मास्तरांनी वाचून दाखवायचा आणि समजला म्हणून स्टाफने खाली सही करायची, असा नियम होता. हुकूम चार दिवसांपूर्वीचा. खाली बापाची सही. आधी तो अंगठा लावायचा. सही मीच शिकवली होती त्याला, राखेत त्याचं बोट धरून. अक्षर चांगलं आलं होतं.

डुटी संपवून तो घरी आला, जोडे काढू लागला.

"काऊन नाही सांगतलं, बा?"

"तू गेली असती त या पोराइले कोनं पायलं असतं? माह्या डुटीले ना दिवस ना रात."

"मंग जाऊ नको म्हनाचं होतं."

"म्हनलं असतं त तू आयकली असती का?"

नसते ऐकली. तेही त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी मी पुन्हा चूल पेटवली. न पेटवून करते काय, दोन पोरं उपाशी होती. वर्षाने त्याने माझं लग्न लावून दिलं आणि भावांना बघायला आपल्या विधवा बहिणीला आणलं. ही आत्या आदल्या वर्षीही होतीच की, देऊळघाटला, दिराच्या घरी शिव्या खात. तिला आणायचं बापाला एक वर्ष आधी सुचलं नाही. आजही हे आठवलं की माझ्या अंगाची लाही लाही होते.

तो रिटायर झाला तेव्हा स्टेशनात चहा-चिवडा होता. नव्या मास्तरांना माझी ओळख करून देत म्हणाला, "हे माही पोरगी. लय हुशार, साहेब. मास्तरीनच व्हाची, पन गाडी चुकली बिचारीची." मास्तर हळहळले. कडेवरचं पोर सावरत मी चहा पीत राहिले.

परत येताना नवऱ्याने विचारलं, बोलली का नाहीस? निरोपाच्या दिवशी बापाची अब्रू कशाला काढायची, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. चारचौघांत बापाला खोटं पाडायची माझी छाती झाली नाही. पुढे तो बरीच वर्षं जगला, भेटेल त्याला माझी चुकलेली गाडी सांगत राहिला, आणि दर वेळी मी शेजारी बसून मान डोलावली.