मालकांचं नाव

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात म्हातारी माणसं एकटी येत नाहीत, आणि आली तरी स्वतः बोलत नाहीत. कुठे दुखतंय ते सोबतचा माणूस सांगतो आणि ज्याचं दुखतंय तो शेजारी मुकाट बसलेला असतो. नेवासा तालुक्यातल्या या केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा मला याचं हसू यायचं. आता राग येतो. त्या रागाला कारण एक आजी.

आजी कालव्यापलीकडच्या वस्तीवर राहायच्या. मधुमेहाच्या गोळ्या न्यायला महिन्याच्या महिन्याला यायच्या, त्यांच्या मालकांबरोबर. त्यांना सगळं गाव बाबा म्हणायचं. बाबा पुढे, आजी चार पावलं मागे. बाबा ऊस, डिझेल, ग्रामपंचायत सगळ्यांवर बोलून घ्यायचे आणि मग गोळ्या मागायचे. आजी बाकाच्या टोकाला पदर सावरत बसायच्या. मी पाहिलं की गोड हसायच्या.

"कशा आहात, आजी?"

"बरी हाय ती," बाबा म्हणायचे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना घामाने निथळत, अर्धवट शुद्धीत आणलं. रक्तातली साखर पार खाली गेलेली. ग्लुकोज चढवल्यावर उठून बसल्या. "उपास लई धरती, मॅडम," बाबांनी सांगितलं. मी उपासतापासावर एक भाषण ठोकलं. दिवाळीनंतर पुन्हा तेच झालं. या वेळी मी खोदून विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं?

"भाकर खाल्ली की दूध घालून."

"मग उपास कुठला, बाबा?"

बाबा छताकडे बघायला लागले. मी आजींच्या पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट काढून पाहिलं. महिना निम्माच झाला होता आणि पाकीट संपत आलं होतं. गोळी घेतलेली त्यांना आठवत नसणार, म्हणून पुन्हा घेत असणार. मी हादरलेच. ही गोळी अशी दोन-तीनदा पोटात गेली तर माणूस झोपेतच जायचा. दुसरी, सौम्य गोळी त्यांच्या पोटाला सोसत नव्हती. होती तीच मी अर्धी केली आणि बाबांना म्हटलं, "उद्यापासून गोळ्या तुमच्याजवळ ठेवा. सकाळी भाकरी खाल्ली की एक त्यांच्या हातावर ठेवायची."

बाबा असे हसले की रांगेतली माणसंही हसली. "मी? आवो मॅडम, उभ्या जन्मात तिनं मला पानी आनून दिलंय. आन आता मी तिला गोळ्या चारू? तिच्या गोळ्या तीच घेती."

त्याच सुमारास नगरला आमचं प्रशिक्षण झालं होतं. वयस्कर रुग्णांचा स्मृतिभ्रंश लवकर ओळखायचा, म्हणून एक प्रश्नावली हातात दिली होती. आज वार कोणता, जिल्हा कोणता, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारायचे, घड्याळ काढायला सांगायचं. ज्यांनी उभ्या आयुष्यात पेन धरलं नाही त्यांना घड्याळ काढायला सांगायचं! जिल्ह्याचं तर आणखीच त्रांगडं. नाव बदललेलं, म्हातारी माणसं अजून नगरच म्हणणार. मी ते बरोबर धरायचे. न धरलं असतं तर माझे आईवडीलही नापास झाले असते.

पुढच्या खेपेला मी आजींसमोर प्रश्नावली ठेवली.

"आजी, आज वार कोणता?"

"आज गावचा बाजार न्हाई का," बाबा म्हणाले.

मी बाबांना बाहेर बसायला सांगितलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी आजींना तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, बैल. आजी माझ्या तोंडाकडे बघत हसत राहिल्या. थोड्या वेळाने परत विचारलं तर खिडकीतून आवाज आला, "आंबा, खुर्ची, बैल." बाबांची स्मरणशक्ती उत्तम होती, त्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

मग घरच्या माणसांची नावं विचारायची होती. "आजी, मालकांचं नाव काय?"

आजींनी मान खाली घातली. पदर पुढे ओढला. सिस्टर खळखळून हसल्या, "मॅडम, तुम्ही पण! नाव घेतील का त्या?" खिडकीतले बाबा मिशीत हसले. मलाही ते पटलं. नवऱ्याचं नाव तोंडातून निघू न देणारी ही पिढी, हिला असले प्रश्न विचारणाऱ्या शहाण्यांना मी मनात दोन शिव्या हासडल्या आणि त्या प्रश्नावर काट मारली.

तरी माझा संशय जाईना. मी बाबांना म्हटलं, यांना नगरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. बाबांचा चेहराच बदलला. "येडी ठरवता का तिला?" मी मुलाला फोन केला. तो एमआयडीसीत कामाला, बोलायला मऊ. "मॅडम, आईला काही झालेलं नाही. ती पहिल्यापासूनच कमी बोलते. आजवर कुणाला उलटून बोलली नाही." हे तो कौतुकाने सांगत होता. सुनेने तेच सांगितलं, वस्तीवरच्या आशा कार्यकर्तीने तेच सांगितलं. अख्खी वस्ती आजींच्या गप्प राहण्याचं कौतुक करत होती. आयुष्यभर बाईला बोलू द्यायचं नाही, आणि तिच्यातले शब्द खरोखरच संपायला लागले की म्हणायचं, किती गरीब स्वभाव! मी फोन ठेवला आणि टेबलावर हात आपटला. हात दुखला, बाकी काही झालं नाही.

संक्रांतीनंतर आम्ही केंद्रात हळदीकुंकू ठेवलं. नुसतं तपासणीला या म्हटलं तर बायका येत नाहीत, हळदीकुंकवाला नटूनथटून येतात आणि त्यातच रक्त-साखर तपासून होते. आजी आल्या होत्या, हिरव्या लुगड्यात. साखर पुन्हा कमीच निघाली. मी आधी त्यांना तिळाचा लाडू खायला लावला, मग बाकी काम. नेहमीप्रमाणे उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. तरुण सुना मोबाईलवरचे उखाणे घेत होत्या. कुणीतरी आजींना पुढे केलं, "घ्या नाव, आजी! आज सोडायच्या न्हाईत तुमाला."

तेवढ्यात बाबा आजींना न्यायला आले आणि बायकांचा घोळका बघून दारातच थांबले.

आजी उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज नीट ऐकला, खणखणीत होता.

"काळ्या रानात हिरवा ऊस, कालव्याला पानी..."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजी थांबल्या. पुन्हा सुरुवातीपासून म्हणाल्या, अगदी त्याच ठेक्यात, आणि पुन्हा तिथेच थांबल्या. पुढे नाव यायचं होतं.

"लाजल्या, लाजल्या!" कुणीतरी ओरडलं. पण मी त्यांच्या समोरच उभी होते. त्या लाजल्या नव्हत्या. त्या शोधत होत्या. घरात ठेवलेली वस्तू नेहमीच्या जागी सापडू नये, तशी त्यांची नजर इकडेतिकडे फिरत होती. मग त्यांची नजर दाराकडे गेली. माझा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "त्ये पावनं कोन आल्यात, बाई?"

हळू विचारलं तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. टाळ्या थांबल्या. बाबा दोन पावलं आत आले. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. आणि त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, केसपेपरच्या खिडकीवर सांगावं तसं मोठ्याने.

नाव कानावर पडताच आजींनी पदर कपाळापर्यंत ओढला. या वेळी मात्र त्या खरोखर लाजल्या. हसू दाबत मला म्हणाल्या, "आमच्या मालकांचं नाव हाय त्ये. रानात गेल्यात. येतील आता."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. बाबांवर, मुलावर, आमच्या सगळ्यांच्या हसण्यावर. इतके महिने ही बाई आमच्यासमोर विसरत होती आणि आम्ही तिला संस्कारी म्हणत होतो.

बाबांनी टोपी काढली, तोंड पुसलं, टोपी घातली. बाकावरची आजींची पिशवी उचलली, तिच्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात घातलं. मग आजींपासून जरा अंतर ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "चला, तुमाला घरी सोडतो. मालक वाट बघत असत्याल."

उभ्या जन्मात त्यांनी तिला अहोजाहो केलं नसेल.

आजींनी पिशवी घेतली, माझ्या कपाळाला आठवणीने हळदकुंकू लावलं आणि निघाल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत माझ्याकडे आल्या.

"बाई," त्या अगदी कानाशी येऊन म्हणाल्या, "मानूस वळखीचा हाय नव्हं?"

"ओळखीचाच आहे, आजी," मी म्हटलं. "जा त्यांच्याबरोबर."