अर्ध्या वाक्यांचा वर्ग

फळ्यावर पाल दिसली तरी मी खडू टाकून पळते. अशा मुलीला जंगलाच्या गेटवर गाइड होऊ बघणाऱ्यांना इंग्रजी शिकवायला आलापल्लीकडे पाठवलं, म्हणजे किस्से साठणारच! आता एकदाचे सांगून मोकळी होते.

पद्धत साधी. अर्धं वाक्य मी म्हणायचं, उरलेलं त्यांनी जोडायचं. निवडीच्या मुलाखतीत वनखात्याचे साहेब असंच विचारणार होते. वर्गातल्या कौसल्याबाई गेल्या खेपेला इंग्रजीपाशीच अडकून परतल्या होत्या, आणि वयाच्या अटीमुळे हा त्यांचा शेवटचा चान्स. त्या निवांत, धडधड मला!

*

पहिल्याच दिवशी मी हौसेनं म्हटलं, "आय वेंट टु द फॉरेस्ट बिकॉज..."

अख्खा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाटलं, बाहेर काहीतरी आलंय! मी टेबलामागे.

शेवटी देवरावभाऊ म्हणाले, "मॅडम, जंगलात काऊन गेलता, हे तं गार्ड विचारते. त्यालेच सांगत नाई, तुमाले कसं सांगू?"

*

"इफ आय वेअर अ बर्ड..." मी म्हटलं आणि मैनाबाईंचा हात वर.

"कोनतं पाखरू?"

"कोणतंही."

"कोनतंबी कसं व मॅडम? घुबड झाली तं लोकं गोटे मारतीन."

"बरं, पोपट!"

"म्हंजे पिंजऱ्यात?"

मोरापासून बगळ्यापर्यंत सगळे पक्षी झाले. तास संपला, वाक्य तिथंच. दुसऱ्या दिवशी मैनाबाईंनी आल्या आल्या निकाल दिला, "रातभर इचार केला. मी बाईच बरी."

*

एकदा वर्ग लांबला, अंधारून आलं. "द टायगर लिव्हज..." च्या पुढे कुणी जाईना. टायगर म्हणायलाच तयार नाहीत! या वेळेला त्याचं नाव घेत नाहीत म्हणे.

मी वैतागले. "अहो, गाइड होणार ना तुम्ही? आणि मराठीत कुठं म्हणायचंय? इंग्रजीत म्हणा!"

"मॅडम," देवरावभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "टुरिस्टायचं इंग्रजी आमच्याहून जास्त त्यानंच ऐकलं हाये."

त्या दिवशी खोलीवर मी एकटी गेले नाही. देवरावभाऊंच्या गाडीवर मागे बसून, डोळे मिटून गेले.

*

कौसल्याबाईंची तर तऱ्हाच वेगळी. मी अर्धं वाक्य म्हणून थांबले की त्याही थांबायच्या. मी त्यांच्याकडे बघते, त्या माझ्याकडे.

"बोला ना, बाई!"

"तुमचं होऊ द्या ना आधी. दुसऱ्याचं बोलणं मधातून उचलत नाई आमी."

"अहो, मी मुद्दामच अर्धं सोडते!"

"काऊन? पूर्ण येत नाई का तुमाले?"

दीड महिना! रोज समजावलं. रोज त्या अदबीनं थांबल्या. साहेबांसमोर अशाच थांबल्या तर? या विचारानं मला जेवण जाईना.

*

मुलाखतीच्या दिवशी मी खिडकीला नाक लावून उभी. कौसल्याबाई आत गेल्या. साहेब ऐसपैस बोलणारे, आवाज खणखणीत.

"व्हेन एलिफंट्स कम व्हेरी क्लोज टु द जीप, द गाइड..."

कौसल्याबाई गप्प. झालं! थांबल्या या! मी खिडकीचा गज घट्ट धरला.

साहेब खुर्चीतून अर्धवट उठून पुढे वाकले. "येस, येस, कम्प्लीट करा!"

कौसल्याबाई शांतपणे उठल्या. भिंतीवरचा खडखडणारा पंखा बंद केला. परत येऊन साहेबांच्या टेबलाशी वाकल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि कानात सांगितल्यासारखं म्हणाल्या, "सर. सिट डाउन. नो टॉकिंग."

साहेब बसले. त्यांचा मोबाइल वाजला, तो त्यांनी न बघताच दाबून बंद केला. खिडकीबाहेर मीसुद्धा खाली बसले होते!

तेवढ्यात मैनाबाईंनी धाडकन दार उघडलं, "मे आय कम इन, सर?"

साहेबांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना दारातच थांबवलं.